भाजीला पोदेर कोण?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समज चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला दीडशे घरांचा प्रभाग, आणि तुम्ही पहिल्यांदाच निवडून आलेल्या पंच. गावात एक पसरा (किराणा दुकान), एक सोसायटी (रेशनचे दुकान), चौथीपर्यंतची शाळा, एक अंगणवाडी. परवाच्या तपासणीत निम्म्या बायकांचे रक्त कमी निघाले आणि त्यांतल्याच काहींना साखरही निघाली. पंचायतीकडे थोडे पैसे आहेत. त्यातून फलोत्पादन महामंडळाचा भाजीचा गाडा आणायचा, आहारतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवायचे आणि घरोघर परसबागेचे बियाणे वाटायचे, असा तुमचा बेत आहे. यातले आधी काय करू, असे तुम्ही विचारता.

आधी यातले काहीच करू नका. मी गावोगावच्या स्वयंसहाय्य गटांबरोबर पंचवीसेक वर्षे आहाराचे काम केले. हे तिन्ही उद्योग मी हौसेने करून पाहिले आणि तिन्ही वेळा हात पोळून घेतले.

बियाण्यांचे आधी सांगते, कारण ती चूक निव्वळ माझी होती. मृग लागायच्या तोंडावर साठेक घरांत पाकिटे वाटली: कोबी, फ्लॉवर, गाजर. जूनमध्ये, घाटाच्या पायथ्याशी! तिथला पाऊस कोबीची रोपे नुसती कुजवत नाही, मातीसकट धुऊन नेतो. सप्टेंबरात पाहणीला गेले तर एका म्हातारीने ते पाकीट देव्हाऱ्याजवळ जपून ठेवलेले. चित्र सुंदर होते, फाडवले नाही म्हणाली. त्याच म्हातारीच्या मागीलदारी अळू, हळद, केळ, भेंडी आणि मांडवावर दोडकी होती. तिला मी काय शिकवणार होते, कोण जाणे.

व्याख्यानाचेही तेच. आमच्या तक्त्यावर सफरचंद आणि ब्रोकोली होती. बायकांनी ऐकून घेतले, चहा-बिस्किटे घेतली आणि घरी गेल्या. हिरव्या भाजीने रक्त वाढते हे गोव्यातल्या कुठल्याही बाईला मी सांगायची गरज नव्हती. बाळंतिणीला काय द्यायचे आणि काय नाही, हे त्यांच्या सासवा माझ्यापेक्षा दहापट तपशिलात सांगतात.

राहिला गाडा. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे वाईट नाहीत. सवलतीच्या दरात भाजी मिळते, भाव फळ्यावर लिहिलेले असतात, आणि घाट बंद पडून बाजार भडकला की त्यांचाच आधार वाटतो. पण माझ्या ओळखीच्या एका गावात तो आला तेव्हा सकाळी नऊला उघडे आणि दुपारी एकला बंद होई. गावातल्या तरण्या बायका साडेसातच्या बसने औद्योगिक वसाहतीत कामाला जात आणि सहाच्या बसने परतत. गाडा कोणासाठी होता? निवृत्त माणसांसाठी. त्यांचे भले झाले, पण रक्त कमी निघालेल्या बायका त्या गाड्याला कधी भेटल्याच नाहीत.

माझे एवढ्या वर्षांचे शहाणपण एका वाक्यात मावते: आपल्या गावात चांगले अन्न लांब असते म्हणून खाल्ले जात नाही असे नाही, ते चुकीच्या वेळी येते आणि निवडून साफ केलेले नसते.

आता जरा पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे बघा. गोव्यात पाव घ्यायला कोणी कुठे जात नाही. पोदेर सकाळी येतो, संध्याकाळी पुन्हा येतो, सायकलवर टोपली, हातात तो रबरी भोंगा. पों-पों झाले की पोर पैसे घेऊन फाटकाशी धावते. पावसात येतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) येतो, उधारीवर देतो. मासेवालाही तसाच, स्कूटरवर मागे पेटी बांधून. गेल्या शे-दीडशे वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेने दारोदार पोचण्याची इतकी पक्की व्यवस्था उभी केलेली नाही. आणि तिच्यावरून आपल्या घरात काय येते? मैदा. (पावाऐवजी पोदेराचीच पोळी, म्हणजे कोंड्याची पोई घ्या, असे आम्हीही सांगायचो. आता पुष्कळ ठिकाणची पोळी मैद्याचीच, वरून कोंडा भुरभुरलेली. मोडून आत बघा. आत पांढरी असेल तर तो पावच.)

पावाला पोदेर आहे, नुस्त्याला (मासळीला) स्कूटर आहे, चिप्सच्या पाकिटांना कंपनीची गाडी आहे. भाजीला कोणी नाही. तुमचे पैसे या एका जागी लावा, असे माझे म्हणणे आहे.

पण त्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. दहावीतली दोन मुले तिठ्यावर बसवा आणि गावात खाण्याचे काय काय शिरते ते लिहायला लावा: किती पाव, मासेवाला किती वाजता, दुकानात थंड पेयांचे किती क्रेट उतरले, घाटावरच्या भाजीचा पिकअप आला का, आला तर किती वेळ थांबला. आणि गावातून बाहेर काय जाते तेही. ही दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. मी जिथे जिथे ती लिहायला लावली तिथे केळी, सुरण, नारळ, मिरच्या, अळसांदे (चवळी) गावातून बाहेर जात होते आणि टोमॅटो, बटाटा, कोबी आत येत होते. घाटावरची गाडी चोर्ल्याचा घाट उतरून तुमच्या तालुक्यातूनच खाली जाते. त्यातली काही भाजी म्हापशाच्या बाजारात उतरून, दोन हात बदलून, शिळी आणि महाग होऊन पुन्हा सत्तरीत चढते. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवा. माझ्या कुठल्याही व्याख्यानाने झाले नाही ते या वाचनाने होते, कारण त्यात आकडे आपल्या तिठ्यावरचे असतात.

आकड्यांवरून आठवले. ग्रामसभेत कोणी म्हणेल की आपल्या गोव्यात कोणी उपाशी नाही, कशाला हा खटाटोप. त्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा. गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ३९ जणींना रक्तक्षय, आणि दर १०० बायकांत सुमारे ३६ जणींचे वजन हवे त्याहून जास्त. पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे रक्त कमी. त्यात भर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४, सगळ्या राज्यांत वरचे. पोट भरते आहे, पण भाताने, पावाने आणि साखरेच्या चहाने भरते आहे. तुमच्या शिबिरात एकाच बाईला रक्त कमी आणि साखर जास्त निघाली, याचे तुम्हाला नवल वाटले. दोन्हींची मुळे त्याच ताटात आहेत.

म्हणून लगेच भाताच्या मागे लागू नका. उकड्या तांदळाची पेज हे वाईट अन्न नव्हे. साळ भिजवून उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा त्यात ती जास्त राहतात. पूर्वी पेजेबरोबर काहीतरी असायचे, अळसांद्याचे तोणाक (कडधान्याची रस्साभाजी), सुके गालमे (जवळा), निदान आदल्या दिवसाची भाजी. ते ‘काहीतरी’ ताटातून गेले आणि भात मात्र तेवढाच राहिला, शेतातले काम सुटल्यावरही. आम्ही सांगतो ते इतकेच: भाताचा डाव एक कमी, तोणाकाचा एक जास्त. बाई घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तोणाक तोवर संपलेले असते. तिला आधी तिची वाटी काढून ठेवायला सांगा. हे सांगताना सासू समोर असली तर उत्तम.

आता गणित. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या घराला दीड किलोवर, दीडशे घरांना रोज २४० किलो. हा आकडा घेऊन बसलात तर काहीच होणार नाही. एवढी भाजी गाव पिकवणार नाही, घाटावरची येतच राहणार, आणि येऊ दे. कांदा, बटाटा, टोमॅटो, गाजर घाटावरून आले म्हणून काही बिघडत नाही. आपण फक्त पाला हाती घ्यायचा. पाला हा प्रवासात सगळ्यांत आधी मरतो, म्हणून दूरवरून येणारा पाला नेहमीच महाग आणि मलूल असतो. आणि रक्ताच्या दृष्टीने आपल्याला तोच हवा.

समजा दीडशेपैकी साठ घरांनी आठवड्यातून तीनदा एकेक जुडी घेतली. १८० जुड्या, जुडी २०० ग्रॅमची धरली तर ३६ किलो. तांबडी भाजी पेरल्यापासून चार आठवड्यांत काढायला येते. चांगले शेणखत घातलेल्या वाफ्यातून चौरस मीटरला किलोभर मिळते हा आमचा नेहमीचा हिशेब. म्हणजे दर आठवड्याला ३६ चौरस मीटर पेरायचे. चार आठवडे वाढीचे, एक वाफा मोकळा ठेवायचा, अशी १८० चौरस मीटर जागा. पायवाटा धरून अडीचशे. दोन-तीन घरांच्या परसांत हे बसते. साठ घरांत साठ पाकिटे वाटण्यापेक्षा ज्यांना हात आहे, पाणी आहे आणि गुरे-माकडांपासून राखण आहे अशा तीन घरांना हमखास गिऱ्हाईक मिळवून द्या. त्या घरांतल्या बायका बियाणे स्वतः शोधतील, नव्हे, त्यांच्याकडे ते राखेत ठेवलेले असेलच.

माकडांची गोष्ट कोणी सभेत काढणारच. त्यावर माझ्याकडे जादू नाही. माकडे केळी, भेंडी, काकडी ठेवत नाहीत. मिरची, हळद, अळू यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. तांबड्या भाजीवर मोर आणि कोंबड्या तुटून पडतात. त्याला किनाऱ्यावरून जुनी मासेमारीची जाळी आणून चारी बाजूंनी आणि वरून टाकतात, तेवढे पुरते. गवेरेडे उतरणारा भाग असेल तर मात्र वाफे घराला चिकटूनच करा. राज्यप्राणी आहे, त्याच्याशी वाद नको.

भाजी तयार झाली. आता ती कधी आणि कशी विकायची, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे इथेच अडते.

सहाची बस येते. बाई उतरते, अर्ध्या तासात दिवा लावायचा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. तिच्यासमोर तुम्ही मातीने भरलेली, मुळांसकट तांबड्या भाजीची जुडी धरली तर ती मान हलवून पुढे जाणार. भाजी निवडायला अर्धा तास लागतो आणि तिच्याकडे नेमका तोच नाही. म्हणून ती अंडे नाहीतर पापड तळते, किंवा पोराला पाव आणि चिप्सचे पाकीट देते. आमच्या एका गटाने निवडलेली, धुतलेली, निथळलेली भाजी केळीच्या पानात बांधून बसथांब्यावर ठेवून पाहिली. साध्या जुडीपेक्षा पाच रुपये जास्त लावले. मला वाटले होते कोणी घेणार नाही. आठवड्याभरात साधी जुडी उरू लागली आणि निवडलेली संपू लागली. दुपारी दोन ते चार घरी असलेल्या वयस्क बायकांना निवडण्याचे काम मिळाले, गप्पा मारत. त्या पाच रुपयांत त्यांचा वाटा.

मात्र निवडलेली भाजी रात्र काढत नाही, त्याच संध्याकाळी ती चुलीवर गेली पाहिजे. म्हणून दुपारी मोजकीच निवडायची, आदल्या दिवशी सांगितलेल्या घरांपुरती आणि वर दहा. पाणी नळाचे किंवा झाकलेल्या विहिरीचे, ओहोळाचे नको. नियमित विक्री सुरू झाली की गटाची अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. कागद साधे असतात आणि उद्या शाळेला किंवा अंगणवाडीला माल द्यायचा तर ते लागतातच.

बसथांब्यावर उरली ती टोपली स्कूटरवर आणि भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून. भोंगा पोदेराचा नको, लोक पावाचे पैसे घेऊन बाहेर येतात आणि मग हिरमुसतात. आम्ही सायकलची घंटा वापरली. आठवड्यातले तीन वार ठरवा आणि पाऊस असो, पालखी असो, ते वार चुकवू नका. पहिल्या महिन्यात दोनदा खाडा झाला की लोक पुन्हा वाट बघत नाहीत. आणि वही. उधारी नको असे मी सुरुवातीला बजावून सांगायचे. ते चुकीचे होते. पसरकार उधारी देतो म्हणूनच माणसे पसऱ्यावर जातात. महिन्याला हिशेब, घरागणिक मर्यादा, आणि बुडाले तर ते पहिले सहा महिने पंचायतीने सोसायचे.

दुसरे गिऱ्हाईक शाळा. मध्यान्ह आहाराच्या केंद्राच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी आणि २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. तुमच्या शाळेत ४० मुले असतील तर रोज २ किलो भाजी, आठवड्याला दहा-बारा किलो. आकडा लहान दिसतो, पण पेरणाऱ्या बाईच्या दृष्टीने सोन्यासारखा, कारण तो ठरलेला आहे. गोव्यात हा आहार बऱ्याच ठिकाणी स्वयंसहाय्य गटच पुरवतात, आणि पाव-भाजी हा त्यांचा हुकमी पदार्थ. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे साहित्याचा केंद्रीय दर ६ रुपये ७८ पैसे झाला. राज्ये त्यात भर घालू शकतात, पण गटाला पैसा मोजूनमापूनच वापरावा लागतो, आणि बटाटा सगळ्यांत स्वस्त म्हणून भाजी बटाट्याची होते. त्यांना दोष देऊ नका. त्यांना विचारा की गावातला पाला आणि अळसांदे घाऊक भावात थेट मिळाले तर आठवड्यातून दोन दिवस बटाटा अर्ध्यावर आणाल का. बहुतेक गट हो म्हणतात. एक सावधगिरी मात्र घ्या. मी एका गटाला भरीस घालून नाचणीचे लाडू सुरू करवले होते, आणि एका कार्यालयातून त्यांची बिले इतके महिने अडकली की बायकांनी स्वतःचे दागिने गहाण ठेवून पीठ आणले. तेव्हापासून मी कोणालाही सरकारी बिलाच्या भरवशावर नवीन पदार्थ सुरू करू देत नाही. दोन महिन्यांच्या कच्च्या मालाचे पैसे आधी बाजूला, मग लाडू.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार मिळतो. तिथे मोजणी आणखी लहान. तिथे मला भाजीपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले अंगणवाडीत येऊन जेवत नाहीत, त्यांचा शिधा घरी जातो आणि घरात सगळ्यांत वाटला जातो. सेविकेबरोबर महिन्यातून एकदा चार घरी जाऊन मऊ भातात मुगाची डाळ, शेवग्याचा पाला आणि थेंबभर खोबरेल घालून समोर शिजवून दाखवा. शेवग्याचा पाला आपल्याकडे अष्टमीला हमखास होतो आणि एरवी झाडावर वाळतो. झाड गावात दहा ठिकाणी असते. तो फुकट आहे, हीच त्याची अडचण. फुकटच्या गोष्टीला कोणी घंटा वाजवत येत नाही. टोपलीत पाच रुपयांना ठेवून बघा.

पसरकाराशी भांडू नका. त्याच्या दारात चिप्सच्या माळा लोंबतात कारण त्या सडत नाहीत आणि कंपनी येऊन उरलेल्या बदलून देते. केळी तो का ठेवत नाही? दोन दिवसांत काळी पडतात आणि तोटा त्याचा. मग कंपनीसारखेच करा. गटाने त्याच्या दारात साळदाटी किंवा रसबाळी केळ्यांचा घड टांगायचा, विकला तर त्याचा वाटा, उरला तर गट परत नेणार. उरलेल्या पिकल्या केळ्यांचे काय करायचे हे गावातल्या बायकांना मी सांगायला नको. घड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, चिप्सच्या माळेच्या पुढे. एवढी एकच अट घालायची. उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, उकडलेले चणे हेही याच पद्धतीने चालतात.

आणि सोसायटी. रेशनचे तांदूळ महिन्यात ठरावीक दिवसांत वाटले जातात आणि त्या दिवशी प्रत्येक गरजू घरातले कोणीतरी तिथे येतेच. अशी माणसे एका जागी एरवी मिळत नाहीत. त्या दिवशी टोपली सोसायटीच्या ओट्याबाहेर असली पाहिजे. माणशी ५ किलो धान्य मिळते, त्याच्याबरोबर घरी काहीतरी तोणाकापुरते जाऊ दे: कुळीथ, अळसांदे, सुकी सुंगटे (कोळंबी), पावकिलोच्या पुड्या बांधून. किलोचे पैसे एकदम काढणे जमत नाही अशी घरे तुमच्या प्रभागात आहेत, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असतील.

त्या घरांबद्दल थोडे सविस्तर. परसबाग ही परस असणाऱ्याची योजना आहे. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याच्या, घराला पागोळ्यांखालची चार हात जागा, भाटकाराशी (जमीनमालकाशी) खटला चालू असेल तर तिथे दोडकीचा वेल लावायचीही चोरी. बांधकामावर आलेल्या बाहेरच्या कुटुंबांकडे तर तेवढेही नाही. डोंगरावरच्या धनगरवाड्याला दूध आहे, पण रस्ता नाही. या घरांना ‘पिकवा’ म्हणणे ही थट्टा होते. त्यांना विकतच घ्यावे लागणार, म्हणून भाव त्यांना परवडेल असा हवा आणि टोपली त्यांच्यापर्यंत गेलीच पाहिजे. आमच्या गटाने निवडलेल्या भाजीवरचा नफा साध्या जुडीच्या भावात जिरवला. बसथांब्यावरची नोकरदार बाई पाच रुपये जास्त देते, निवडणाऱ्यांचा वाटा देऊन उरते त्यातून वरच्या वाड्यावर जुडी थोडी स्वस्त. हे गटाने आपणहून ठरवले. मला सुचले नव्हते.

पावसाळ्यात लोक म्हणतील, आता भाजी कुठून. खरे तर तेव्हाच रानात सगळ्यांत जास्त असते: टायकिळा म्हणजे टाकळा, तेरें म्हणजे रानअळू, कुड्डुकेची भाजी, किल्ल म्हणजे बांबूचे कोंब, फागलां म्हणजे करटोली. काय काय मिळते याची यादी हवी असेल तर सर्वेक्षण नको, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळे-पाने बांधतात ती, बघा. ज्या घरात माटोळीला शंभर-दीडशे जिनसा बांधतात तिथल्या आजोबांना विचारा की यातले काय खायचे, कधी खायचे, कुठे मिळते. मुलांना लिहायला बसवा. मात्र माटोळीतले सगळे खाण्याजोगे नसते, कवंडळ शोभेचे. किल्ल कापून पाण्यात भिजत ठेवून, पाणी बदलून मगच शिजवायचे, आणि तेऱ्याला आंबटाशिवाय हात लावू नये, घसा खाजतो. अळमी (वारुळांवरची रानअळंबी) टोपलीत ठेवू नका. ओळखणारा चुकला तर जीव जातो, आणि वारुळे ओरबाडून आपण ती संपवतही आणली आहेत. ज्याला ठाऊक आहे त्याने घरी खावीत.

याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना बंदी असते आणि ताजे नुस्ते महाग होते. मासे खाणाऱ्या घरांतली प्रथिने या दोन महिन्यांत एकदम खाली येतात. पुरुमेंताची (पावसाळी बेगमीची) पद्धत यासाठीच होती. मे महिन्यात सुकी मासळी, कुळीथ, अळसांदे, चिंच, आमसुले भरून ठेवायची. आता पुरुमेंत करायला एकरकमी पैसे लागतात आणि ते पगाराच्या घरात मे महिन्यात शाळेच्या वह्या-पुस्तकांत जातात. गटाने जानेवारीपासून दर आठवड्याला २० रुपये गोळा केले तर मेच्या सुरुवातीला साडेतीनशेच्या आसपास होतात, आणि वीस घरांचे एकत्र घेतले की भावही बरा मिळतो. खारे बांगडे मात्र रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावेत, पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून. त्यापेक्षा मिठाशिवाय सुकवलेली बारीक सुंगटे बरी, ती सालीसकट खाल्ली जातात, म्हणून कॅल्शियमही मिळते.

रक्ताबद्दल बायकांना सांगायच्या गोष्टी दोनच, आणि त्या व्याख्यानात नको, भाजी विकताना सांगा. पालेभाजीवर किंवा डाळीवर लिंबू पिळा, आंबट असले की त्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर त्या बंद करू नका. भाजी गोळीच्या जागी नाही. बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते, ज्यांचे रक्त फारच उतरले आहे त्यांचे भाजीने भागणार नाही.

पंचायतीच्या पैशांतून भाजी विकत घेऊन वाटू नका, दुसऱ्या वर्षी पैसे संपतात आणि सवय मोडते. तराजू, क्रेट, झाकणाच्या टोपल्या, निवडायच्या जागी नळ आणि ओटा, बसथांब्यावर छप्पर आणि एक दिवा (हिवाळ्यात सहानंतर लवकरच अंधार पडतो, अंधारात पाला कोणी घेत नाही), जाळी, पहिल्या सहा महिन्यांची उधारीची झळ. ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती तुमच्या गावातही कागदावर असेल. तिची बैठक लावा, तिच्याकडे वर्षाला थोडा खुला निधी असतो. आणि गाडा मिळत असेल तर घ्या, पण ठरावात वेळ लिहून घ्या: दुपारी साडेचार ते रात्री आठ. महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांची भाजीही घेते, जास्तीचा माल तिकडे द्यायची वाट मोकळी ठेवा.

सहा महिन्यांनी काय मोजायचे, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. वजने नका मोजू, इतक्यात हलत नाहीत. किती जुड्या परत आल्या, आठवड्यातून दोनदा घेणारी घरे किती, वरच्या वाड्यावरची किती, आणि शाळेत किती दिवस बटाटा एकटा होता. रक्ताची तपासणी उपकेंद्र करेलच, तेव्हा त्याच बायकांची नावे पुन्हा लावून घ्या.

मे संपत आला आहे, वाफे पेरायला आता उशीर झाला, ते काम ऑक्टोबरात भात कापल्यावर. तोवर वही लिहून काढा आणि घंटा वाजवायला कोण जाणार ते ठरवा. पहिले दोन पाऊस पडले की टायकिळा सगळ्या बांधांवर येईल, बियाणे नको, खत नको, राखण नको. कोवळा असतानाच खुडा, वरची चार पानेच, फुले आली की तो चालत नाही. पहिली टोपली त्याचीच काढा, निवडून, सहाच्या बसला.